पावडरचं वर्ष आणि रोजचा बर्फ: सॉल्ट लेकमधल्या एका स्की-खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सुहास मूळचा सांगलीचा. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण मापं आणि आकडे त्याचेच. वय ४१, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७६ किलो. युटामधल्या लीहायला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. तिथून लिटल कॉटनवूड दरीच्या तोंडाशी गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं, आणि दरीच्या वरच्या टोकाला स्नोबर्ड व अल्टा ही दोन स्की-गावं आहेत. पहिले काही हिवाळे त्याने बर्फ खिडकीतूनच पाहिला. मग मुलीला शिकवणी लावली, तिच्याबरोबर स्वतःही अल्टातल्या सनीसाइडच्या सोप्या उतारावर उभा राहिला आणि मुलीपेक्षा जास्त वेडा झाला.

त्याचा पहिला खरा हंगाम होता २०२२-२३ चा. युटातल्या स्कीवाल्यांना हे साल सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. त्या हिवाळ्यात अल्टाला ९०३ इंच, म्हणजे जवळजवळ २३ मीटर बर्फ पडला. तिथली नेहमीची सरासरी ५४० इंचांच्या आसपास. म्हणजे सुहासने स्कीइंग म्हणजे काय हे ज्या वर्षी ठरवलं, ते वर्षच नेहमीच्या मापात बसणारं नव्हतं. दर आठवड्याला गुडघाभर ताजा बर्फ, लिफ्टच्या रांगेत प्रत्येकाच्या पायात होडीएवढ्या रुंद स्की. जानेवारी २०२३ मध्ये त्याने एका अनोळखी माणसाकडून वापरलेल्या पावडर स्की, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठीच्या रुंद स्की, घेतल्या: बुटाखाली ११६ मिलिमीटर रुंद, १८८ सेंटिमीटर लांब, बाइंडिंगसकट (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी जोडणी) ३८० डॉलर. त्यावर वॅक्स आणि कडा घासण्याचे ६०. एकूण ४४०.

मी दिवसा नोकरी करतो आणि हिवाळ्यात संध्याकाळी एका दुकानात ट्यूनिंगच्या, म्हणजे स्कीच्या कडा आणि तळ नीट करण्याच्या, टेबलावर असतो. सुहासची माझी ओळख मंडळाच्या गणपतीतली, त्यामुळे सल्ला फुकट होता आणि स्पष्टही.

अडचण

२०२३-२४ च्या फेब्रुवारीत तो दुकानात आला आणि म्हणाला, "ऑल-माउंटन स्की घ्यायच्या आहेत. नव्वद मिलिमीटरच्या आसपासची कुठली चांगली? अकराशे डॉलरच्या वर जाणार नाही." ऑल-माउंटन म्हणजे सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणाऱ्या.

कारण विचारलं तेव्हा तक्रारींची यादी निघाली. ताज्या बर्फात मजा येते, पण ग्रूमरवर, म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या उतारावर, सकाळचा कडक बर्फ असला की स्की घसरतात. मोगलांत, त्या बर्फाच्या उंचवट्यांत, स्की वळतच नाहीत. दुपारपर्यंत उजव्या गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागते. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, इजा काही नव्हती. आणि सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट म्हणजे, वर्षभर मेहनत करूनही त्याच्या मते तो जिथे होता तिथेच होता.

त्याच्या डोक्यातलं निदान सरळ होतं: स्की फार रुंद, म्हणून अरुंद घ्यायच्या. निम्मं निदान बरोबर होतं. स्कीच्या बुटाचा पुढचा तळ साधारण ७० मिलिमीटर रुंद असतो. स्लालमच्या शर्यतीच्या स्की ६५ च्या आसपास असतात, म्हणजे त्यांची कड बुटाच्या खाली येते. ११६ च्या स्कीची कड पायाच्या मध्यरेषेपासून ५८ मिलिमीटर लांब असते, ९४ च्या स्कीची ४७. अकरा मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण कडक बर्फावर स्की तिरकी करून कड रुतवायची तर तेवढ्या लांबीच्या तरफेविरुद्ध पाय लढतो, आणि तो ताण घोट्यावरून गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो. मऊ बर्फात ही तरफ जाणवत नाही, कारण तिथे बर्फ अख्ख्या तळाला खालून उचलून धरतो.

उरलेलं निम्मं निदान करण्यासाठी मी त्याला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी बूट, स्की, सगळं घेऊन बोलावलं.

टेबलावर काय सापडलं

आधी बूट. २८.५ मापाचे. सुहासच्या पायाची लांबी मोजली तर २६४ मिलिमीटर भरली. मॉन्डोपॉइंट पद्धतीत बुटाचं माप म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, म्हणजे त्याला २६.५ पुरेसे होते. पहिल्या वर्षी कुठूनतरी घेताना "आरामदायक वाटतात" म्हणून त्याने दोन मापं मोठे घेतले होते. नवशिके जवळपास सगळेच हे करतात, कारण दुकानात उभं राहून बरोबर मापाचा बूट आखूड वाटतो. बोटं पुढे टेकतात, गुडघे वाकवल्यावर मागे सरकतात, आणि हे सरकणं कुणी समजावून सांगत नाही. मोठ्या बुटात टाच उचलली जाते. पाय आधी बुटात फिरतो, मग बूट फिरतो, मग स्की. ११६ च्या तरफेवर हा ढिलेपणा चढला तर कडक बर्फावर दुसरं काय होणार?

मग बाइंडिंग. रिलीजचा आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बाइंडिंग बूट सोडेल तो, नऊवर होता, आधीच्या मालकाचा. हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांच्या तक्त्यावरून काढतात. सुहाससाठी तो सहाच्या आत येत होता. म्हणजे दीड हिवाळा तो अशा बाइंडिंगवर स्की करत होता, जी मुरगळणाऱ्या पडण्यात कदाचित सुटलीच नसती. शिवाय टाचेचा भाग त्याने स्वतः व्हिडिओ बघून पुढेमागे केला होता. इथे माझा आवाज जरा चढला.

आणि शेवटी, ते बाइंडिंग जुनं होतं. कंपन्या दरवर्षी एक यादी काढतात: कुठल्या बाइंडिंगवर दुकानाने काम केलं तर कंपनी पाठीशी उभी राहील. त्या यादीतून हे मॉडेल केव्हाच गळलं होतं. त्यामुळे आमच्या दुकानाने ते तपासायला किंवा जुळवायला नकार दिला, आणि तो नियम योग्यच आहे.

स्की मात्र ठीक होत्या. कडा शाबूत, तळात एक भरलेली खोल चीर, टोकाजवळ वरचा थर थोडा उडालेला. लांबीबद्दल त्याला वाटत होतं की १८८ फारच जास्त. तसं नव्हतं. त्या स्कीचं टोक आणि शेपूट लांबवर वर वळलेलं होतं, त्यामुळे कडक बर्फाला टेकणारी कड लांबीच्या मानाने बरीच आखूड होती. उंचीशी तुलना करून लांबी ठरवणारे हा वर वळलेला भाग, म्हणजे रॉकर, विसरतात. अडचण लांबीपेक्षा वजनाची होती. धातूचे पत्रे घातलेली जड स्की, शंभर किलोच्या माणसाला शोभेल अशी.

समोरचे पर्याय

चार पर्याय टेबलावर मांडले.

पहिला, त्याच्या मनातला: पावडर स्की ठेवायच्या आणि रोजसाठी ८८ ते ९४ च्या नव्या घ्यायच्या. दोन जोड्या, दोन कामं. पण नव्या स्कीचे सातशे-आठशे, बाइंडिंगचे अडीचशे-तीनशे, म्हणजे बजेट तिथेच संपतं आणि बूट तसेच राहतात. जुन्या स्कीवरही नवं बाइंडिंग लागणार, ते वेगळंच.

दुसरा: जुन्या विकून ९८ ते १०२ ची एकच जोडी. हा मधला आकडा.

तिसरा: रोजसाठी एक जोडी विकत आणि वादळाच्या दिवशी पावडर स्की भाड्याने. भाडं दिवसाला ७० डॉलरच्या आसपास.

चौथा पर्याय त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने डोक्यात घातला होता: हलक्या टुरिंग स्की आणि टुरिंगचे बूट, म्हणजे एकाच सामानावर लिफ्टही आणि डोंगर चढणंही. हा मी दोन मिनिटांत बाजूला काढला. वासॅचच्या पर्वतांत लिफ्टच्या हद्दीबाहेर जाण्याआधी हिमस्खलनाचं प्रशिक्षण, बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि सोबती लागतात. शिवाय हलकी टुरिंग स्की चिरडलेल्या बर्फात लिफ्टखाली रोज वापरायला सुखाची नसते.

पहिला निर्णय: आधी बूट

यावर सुहासचं मन वळायला आठवडा गेला. बूट कुणाला दिसत नाहीत, लिफ्टच्या रांगेत कुणी विचारत नाही, आणि त्याच्याकडे बूट आहेतच. पण अकराशेपैकी सहाशे बुटांवर घालायचे हा माझा आग्रह होता, आणि त्यामागे मापाचं गणितही होतं.

२८.५ च्या बुटाच्या तळाची लांबी ३२५ मिलिमीटर होती, २६.५ चा नवा बूट ३०५ चा. पुढचा भाग जागेवर ठेवून टाच २० मिलिमीटर पुढे आणली तर बुटाचा मध्य स्कीवर १० मिलिमीटर पुढे सरकतो. पावडर स्कीवर मध्य पुढे गेला की टोक बुडायला लागतं. म्हणजे आधी स्कीवर बाइंडिंग बसवून मग बूट बदलले असते तर पुन्हा भोकं पाडावी लागली असती. जुन्या आणि नव्या भोकांमध्ये साधारण सेंटिमीटरभर अंतर लागतं. ते जमलं नाही की दुकान नाही म्हणतं, आणि जितकी भोकं जास्त तितकी स्कीची किंमत कमी.

आणखी एक गोष्ट इथेच उघड झाली. नव्या बुटांना ग्रिपवॉकचा तळ होता, चालायला सोपा, किंचित वक्र. जुनं बाइंडिंग फक्त सपाट अल्पाइन तळासाठी बनवलेलं. त्यामुळे बूट बदलताच पावडर स्कीचं बाइंडिंग बादच ठरलं. "स्वस्तात" मिळालेल्या स्कीवर आता बाइंडिंगचे २३० आणि बसवण्याचे ६० घालावे लागणार होते. सुहास हिशेब करून गप्प झाला. तशा आणखी २९० डॉलर खाल्लेल्या स्की ७३० ला पडल्या असत्या, आणि तेवढ्यात हंगामाअखेर बऱ्यापैकी हलकी, नव्यासारखी जोडी मिळते.

बूट मागच्या हंगामाचे, मूळ सातशेचे ४८० ला मिळाले. आतला तळवा पायाच्या कमानीनुसार बनवून घेतला, त्याचे १५०. एका घोट्याजवळ प्लास्टिक तापवून थोडं फुगवावं लागलं, ते बुटांच्या किमतीत झालं.

दुसरा निर्णय: एक जोडी की दोन

इथे निर्णायक प्रश्न विचारला तो सुहासच्या बायकोने, मेधाने. ती स्वतः हंगामभरासाठी भाड्याने घेतलेल्या स्कीवर निवांत असते. ती म्हणाली, "अरे, पण तुला खरी पावडर मिळते किती दिवस?"

सुहासने पासच्या ॲपमध्ये मागच्या हंगामाच्या तारखा काढल्या आणि अल्टाच्या रोजच्या बर्फाच्या नोंदीशी ताडल्या. २२ दिवस स्की केलं होतं. त्यांतल्या फक्त चार दिवशी आदल्या रात्री सहा इंचांहून जास्त बर्फ होता. आणि त्या चारांतल्या दोन दिवशी तो लिफ्टवर साडेदहानंतर पोचला होता, कारण हिमस्खलन रोखण्याच्या कामासाठी दरीचा रस्ता सकाळी बंद होता.

माझ्या मते स्की-खरेदीत लोक हाच हिशेब करत नाहीत. अल्टाला किती बर्फ पडतो हा प्रश्न तुमचा नाहीच. तुम्ही शनिवारी, पार्किंगचं आरक्षण मिळालं तर, दोन तास गाडीत बसून वर पोचता तेव्हा पायाखाली काय असतं, हा तुमचा प्रश्न. गुरुवारी रात्री पडलेला बर्फ शुक्रवारी सुट्टी असलेले लोक खातात. शनिवारी अकरापर्यंत उरलेलाही चिरडला जातो. नांगरल्यासारखे ढीग, मध्ये खरवडलेला कडक पट्टा, दुपारी मोगल. नोकरदार माणसाचं युटा म्हणजे बहुतेक वेळा हे चिरडलेलं, आणि त्यात तरंगण्यापेक्षा स्कीचं टोक हेलकावू न देणं जास्त महत्त्वाचं.

बर्फाचा प्रकारही लक्षात घ्यायला हवा. अल्टाच्या ताज्या बर्फात पाण्याचं प्रमाण सरासरी ८ ते ९ टक्के असतं. पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या सिएरा पर्वतात ते बरंच जास्त. हलक्या बर्फात स्की खोल जाते पण अडकत नाही. जड, ओल्या बर्फात ती वर राहते पण टोक धरलं जातं. म्हणून युटात ९८ ची स्की एक फूट ताज्या बर्फातही नामुष्की आणत नाही. सत्तरच्या दशकात अल्टाचे लोक याच उतारांवर दोन मीटर लांब, बोटभर कमरेच्या काठ्यांवर पावडर उतरत होते. खास पावडरसाठी रुंद स्की १९९० च्या आसपास आल्या. टोक-शेपूट वर वळवून मधला भाग खाली फुगवण्याची कल्पना शेन मकॉन्की या स्कीपटूच्या हट्टाने २००२ च्या सुमारास व्होलांट कंपनीच्या स्पॅट्युला स्कीत बाजारात उतरली. त्यानंतर सगळ्याच स्कींनी तिचा थोडाथोडा अंश उचलला. आजच्या ९८ च्या स्कीत तो असतोच.

एक ते पाच दिवसांच्या पावडरसाठी भाडं पुरतं. दिवसाला ७० धरले तर चार दिवसांचे २८०. पाच-सहाशेची जोडी दोन हिवाळ्यांत वसूल होते, पण फक्त ते दिवस खरंच हाती लागले तर. एकच अट: भाड्याच्या स्की आदल्या संध्याकाळी उचलायच्या. वादळाच्या सकाळी दुकानात रांग लावली तर पावडरचा वेळ तिथेच जातो.

म्हणून दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र केला. ९५ ते १०० मधली एक जोडी घ्यायची, जुन्या पावडर स्की विकायच्या आणि एक हिवाळा भाड्यावर काढून बघायचं.

चाचणीचा दिवस

मार्चच्या एका रविवारी तीन जोड्या आळीपाळीने, त्याच नव्या बुटांवर, त्याच उतारांवर: नॉर्डिका एन्फोर्सर ९४, फॉल्कल मंत्रा एम६ आणि सॅलोमन क्यूएसटी ९८. लांबी अनुक्रमे १७९, १७७ आणि १७६. सकाळी कडक ग्रूमर, मग अल्टाच्या कॉलिन्स लिफ्टवरून बॉलरूम या उतारावरचं चिरडलेलं, जेवणानंतर सुप्रीम या भागातले मोगल.

तीन स्कींच्या बांधणीत खरा फरक होता. एन्फोर्सरमध्ये लाकडी गाभ्याच्या वर-खाली टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पूर्ण लांबीचे दोन पत्रे आहेत. मंत्रात टायटॅनलची चौकट कडांच्या बाजूने जाते आणि टोकाला कार्बन आहे. क्यूएसटी ९८ मध्ये असे अखंड पत्रे नाहीत, टोकाला कंप शोषायला कॉर्क घातला आहे. धातूने स्की शांत होते, वेगात थरथरत नाही, पण वजन वाढतं आणि चूक झाली की माफी कमी मिळते.

पहिल्या फेरीत एक जोडी सुहासला अजिबात आवडली नाही. "ही वळायलाच तयार नाही, मध्येच पकडते." मी कड नखावर घासून पाहिली. पहिल्या फेरीआधी दगडावर गेली असावी, बुटाखालच्या कडेला टोकदार फुगवटा आला होता आणि टोकाची कड नको तितकी धारदार ठेवलेली. खिशातल्या दगडाने फुगवटा उतरवला, टोक-शेपटीची धार थोडी मारली. पुढच्या फेरीत तीच स्की त्याला दुसऱ्या क्रमांकाची वाटली. डेमो, म्हणजे चाचणीसाठी दिलेल्या, स्कीबद्दलचं निम्मं मत हे तिच्या ट्यूनिंगबद्दलचं असतं.

दिवसअखेर त्याचं म्हणणं असं होतं: सकाळच्या कडक बर्फावर एन्फोर्सर आणि मंत्रा स्पष्ट वरचढ. पण त्यांच्यावर वेग आला की मजा, वेग उतरला की ओझं. मोगलांत क्यूएसटी पाय वाटावी इतकी सहज फिरली. बॉलरूममध्ये एन्फोर्सर ढिगांतून आरपार जात होती, क्यूएसटीला ढिगांवरून खेळत जावं लागत होतं.

इथे निर्णयाचा खरा काटा होता. चिरडलेल्या बर्फासाठी निवड करायची हे मीच सांगितलं होतं, आणि त्या कामात जड स्की जिंकत होती. पण तिला जिंकवायला जो वेग आणि जी ताकद लागते ती सुहासकडे दिवसाचे पहिले दोन तासच होती. ७६ किलो, आठवड्यातून एकदा डोंगर, बाकी वेळ खुर्ची. दुपारी दोनला त्याच्या पायाखाली कुठली स्की हवी? माझं मत क्यूएसटीच्या बाजूने झुकलं, त्याचंही. एन्फोर्सर १७२ लांबीत मिळाली असती तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती, पण ती त्या दिवशी दुकानात नव्हती.

काय घेतलं, किती लागले

एप्रिलमध्ये दुकानाने डेमो जोड्या काढायला घेतल्या. शरद ऋतूत क्यूएसटी ९८ च्या जागी क्यूएसटी १०० येणार होती, त्यामुळे जुन्या आकड्याला भाव उतरला. ४५० डॉलरला स्की आणि डेमो बाइंडिंग मिळालं, चाचणीचं भाडं त्यातून वजा. डेमो बाइंडिंग रुळावर सरकतं, म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या बुटांना बसतं आणि मध्यबिंदूही पुढेमागे करता येतो. बदल्यात ते थोडं जड आणि उंच असतं. सुहाससाठी हा सौदा फायद्याचा होता.

घेण्याआधी काय पाहिलं: कडेची उरलेली जाडी सगळीकडे सारखी आहे का, बाजूच्या भिंतीला चीर आहे का, बुटाखालचा भाग सरळपट्टी ठेवून सपाट आहे का, आणि बाइंडिंग यंत्रावर तपासून आकड्याप्रमाणे सुटतं का. तळ दगडावर घासून नवा केला, कडा तळाकडून एक अंश आणि बाजूने दोन अंश.

बूट आणि तळवा ६३०, स्की ४५०. एकूण १,०८०. जुन्या पावडर स्की बाइंडिंग काढून, "बाइंडिंग बाद आहे" असं स्पष्ट सांगून १५० ला गेल्या. म्हणजे त्या जोडीवर २९० डॉलरचा तोटा. दीड हिवाळ्याच्या मानाने हे चार दिवसांचं भाडंच. सुहासला तो तोटा फार लागला होता, मला तो फारसा वाटला नाही.

पुढचा हिवाळा

२०२४-२५ मध्ये गुडघा दुखण्याची तक्रार आली नाही. श्रेय बुटांचं किती आणि स्कीचं किती हे वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकाच वेळी बदलले. त्याला स्वतःला विचारलं तर तो बूट म्हणतो. मोगलांत तो आता थांबत-थांबत का होईना, ओळ धरून उतरतो. कडक सकाळी मात्र क्यूएसटी अजून थोडी फडफडते, विशेषतः वेगात.

पावडर स्की तीनदा भाड्याने घेतल्या, २१० डॉलर. एकदा १०६ ची, एकदा ११२ ची, एकदा पुन्हा ११२ ची, क्यूएसटी ब्लँक, १७८ लांबीची. तिसऱ्या दिवशी रस्ता उघडा होता, तो पहिल्या शंभरांत लिफ्टवर होता आणि दुपारी त्याने मला केवळ उद्गारचिन्हांचा संदेश पाठवला. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच स्कीची डेमो जोडी बाइंडिंगसकट ४३० ला निघाली आणि त्याने घेतली. मेधाने विचारलं, "हिशेब बदलला का?" तर तो म्हणाला, ऑफिसने आता शुक्रवारी घरून काम दिलंय. हे उत्तर मला पटलं. शुक्रवारची सकाळ हाती आली तर पावडरचे दिवस खरोखर वाढतात.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवातीलाच, जानेवारी २०२३ मध्ये, जुन्या स्की घेताना दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या: बाइंडिंगचं मॉडेल अजून दुकानं हाताळतात का, आणि भोकांचे किती संच पाडलेत. हे दोन प्रश्न ३८० ची बोली २०० वर आणू शकले असते. बाइंडिंगचा आकडा मात्र त्याच आठवड्यात तपासून घ्यायला हवा होता, तो प्रश्न पैशांचा नाही.

चाचणीत एन्फोर्सरची छोटी लांबी मिळेपर्यंत आठवडाभर थांबता आलं असतं. स्कीची दोन मॉडेलं आपण एकमेकांशी ताडतो, पण तेव्हा लांबीचा फरकही त्यात मिसळतो. १७९ ची जड स्की आणि १७६ ची हलकी यांतून "धातू नको" असा निष्कर्ष थोडा घाईचा होता.

आणि मुख्य मुद्दा. एकच जोडी ठेवायची या गृहीतावर ९८ बरोबर होती. पण वर्षभरात शेजारी ११२ ची येऊन बसली, आणि आता दोघींच्या कामात बराच भाग सामाईक आहे. दोन जोड्या होणारच आहेत हे आधी कळलं असतं तर रोजची ८८ ते ९२ ची, किंचित धातू असलेली घेणं शहाणपणाचं ठरलं असतं. कडक सकाळ तिची, वादळ दुसरीचं. म्हणजे सुहासने पहिल्या दिवशी दुकानात येऊन जे मागितलं होतं, साधारण तेच. फक्त तेव्हा त्याच्या पायात २८.५ चे बूट होते आणि शुक्रवारी ऑफिस होतं.

सध्या तो क्यूएसटी ९८ विकून नव्वदची घ्यावी का या विचारात आहे. विकली तर अडीचशे येतील, नवी डेमो पाचशेला पडेल. माझं म्हणणं, आणखी एक हिवाळा तीच वापर: कडा जाड आहेत, तळ अजून दोन-तीनदा दगडावर घासता येईल, आणि ११२ ची हाती असताना ९८ ची किती दिवस गाडीतून बाहेर निघते हे ॲपमध्ये दिसेलच.